मशीनमध्ये गरम पाणी येईना

कपडे धुण्याच्या मशीनचा विषय निघालाच आहे, तर आमच्या जावयाचं ऐका. लेक बाळंतपणाला लातूरला आलेली. नातीच्या लंगोटांना गरम पाणी हवं, आणि मशीनमध्ये थंड तेवढं भरायचं, गरम काही येईना. नांदेडचे इंजिनिअर जावई माहितीपुस्तक उघडून दोन तास बसले.

"मामी, आतलं कार्ड गेलंय. नवीनच मशीन घेऊ."

मी दहावी शिकलेली, जावयापुढं काय बोलणार? तरी म्हटलं, "गरम पाण्याची नळी सोडून बघू का?"

"बघा. पण नळीत काय असणार?"

नळी सोडून बोट घातलं, तर माझ्या हिरव्या साडीचा तुकडा निघाला, चिखलानं दगड झालेला. दुष्काळात टँकरचा गाळ मशीनमध्ये जाऊ नये म्हणून मीच दोन्ही नळ्यांत फडकं बसवलं होतं. थंड पाण्याचं नंतर काढलं. गरम पाणी त्या सालानंतर कधी वापरलंच नाही, म्हणून तिकडचं राहून गेलं.

जावई हसायला लागले. "म्हणजे बिघाड तुम्हीच केलता!"

"हाव," मी म्हणाले. "पण त्या साली गाळानं गल्लीतल्या सगळ्या मशिनी बसल्या, जावईबापू. आपली एकटीच चालू हाय."