बेंट ओक तळ्यावरचा लाल झेंडा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष श्रीमती लिंडग्रेन, व्यासपीठावरील बेंट ओक मित्रमंडळाचे सन्माननीय सदस्य, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आणि माझ्याकडे मुद्दाम न बघणाऱ्या आर्लिस टॉलेफसन, आणि याच तळ्यावर पडत-धडपडत स्केटिंग शिकलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मागच्या टेबलावर जेवणाचा हॉटडिश निवतोय, याची मला कल्पना आहे. तेव्हा थोडक्यात आटोपतो. असं म्हणणारे वक्ते किती बोलतात, ते तुम्ही जाणताच.

पाहुणे आले की आपण मिनियापोलिसकर त्यांना काय दाखवतो? उंच इमारती? छे. उन्हाळ्यात बागेत नेतो, नावेत बसवतो, आणि जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर मधोमध उभं करून सांगतो, "तुमच्या पायाखाली पाणी आहे बरं का." त्यांचा चेहरा उतरतो, आपली छाती फुगते. पण फुगते कुणाच्या जिवावर? आर्लिसबाई एकतीस हिवाळे रोज सकाळी गिरमिट घेऊन तळ्यावर गेल्या. जागोजागी बर्फाला भोकं पाडली, पट्टी घालून जाडी मोजली. सगळीकडे सहा इंच भरली तर हिरवा झेंडा, नाहीतर लाल. एकतीस हिवाळ्यांत एकही माणूस पाण्यात गेला नाही. मला याचा अभिमान आहे, आणि अभिमान गिळून बसायची आपली इथली रीत मी आज मोडणार आहे.

नऊ वर्षांपूर्वीची हिवाळी जत्रा तुम्हाला आठवत असेल. आठवडाभर ऊन पडलं होतं. मी तेव्हा इथला बागप्रमुख. घाई होती म्हणून मी मधोमध एकच भोक पाडलं, आठ इंच भरले, हिरवा झेंडा चढवून मोकळा झालो. बाई नेहमीसारख्या फेरी मारून आल्या. विलोच्या झाडांपाशी, जिथे नाल्याचं पाणी येतं, तिथे तीनच इंच होते. त्या सरळ झेंडा उतरवायला लागल्या.

मी म्हणालो, "आर्लिस, दोन हजार माणसं उभी आहेत. शाळेचा बँड आलाय. माझं नाक कापू नकोस."

"डुएन, नाक कापलं तरी माणूस जगतो," त्या म्हणाल्या, आणि लाल झेंडा चढवला.

लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. "घरी बस, म्हातारे," असंही कुणी ओरडलं. सगळ्यांना वाटलं, आधी हिरवा लावला तोही बाईंनीच. मी शेजारी उभा होतो. गप्प होतो.

दुपारी अडीचला विलोपाशी बँडसाठी उभारलेला मंच कलला आणि चाळीस खुर्च्यांसकट पाण्यात गेला. खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या का रिकाम्या होत्या, हे मला ठाऊक होतं. तरी संध्याकाळी बातमीदाराला मी सांगितलं, "मी वेळीच झेंडा उतरवायला लावला." जत्रा समितीने मला मानपत्र दिलं. बाई पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होत्या. माझं भाषण कसं झालं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "वाईट नाही."

ते मानपत्र आज सकाळी मी भिंतीवरून काढलं. या पिशवीत आहे. माझं नाव खोडून खाली त्यांचं लिहिलंय, अक्षर गचाळ आहे.

अध्यक्षांचे, आयोजकांचे आणि कॉफी करणाऱ्या भगिनींचे आभार. आज कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल तर सभेने सांभाळून घ्यावं. नऊ वर्षांपूर्वी जे राहिलं, त्याची माफी मात्र सभेकडे मागून भागणार नाही. आर्लिस, ती तुझ्याकडे मागतो. "वाईट नाही" म्हणालीस, तरी मला पुष्कळ झालं.