बाबांच्या नावाचं तिकीट

नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात रुपाली मोबाइलमध्ये डोकं घालून शेजारच्या बापलेकांचं बोलणं ऐकत होती.

"बाबा, सही करा. सर्जन थांबलेत."

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी कसली बायपास? जाऊ दे."

"विम्बल्डनच्या तिकिटांच्या सोडतीत तुमचा नंबर लागलाय."

"मी कुठे अर्ज केला?"

"मी भरला. माझा अकरा वर्षं लागत नाहीये."

"मग तू जा की!"

"ज्याच्या नावाचं तिकीट, तो स्वतः हजर लागतो. तुम्ही नसाल तर मलाही आत सोडणार नाहीत."

"म्हणजे तुझ्या टेनिसपायी मी जुलैपर्यंत जगायचं?"

"हो."

"आणि नंतर?"

"पुढच्या वर्षीही अर्ज तुमच्याच नावानं भरणार."

म्हाताऱ्यानं संमतीचा फॉर्म पुढ्यात ओढला.

"पेन कुठाय?"

रुपालीनं न विचारताच आपलं पेन पुढं केलं.