धर्मानानांची आखूड नळी

मंडळी, बाजाराचा दिवस टाकून, डोंगरापल्याडून चालत तुम्ही आलात. बोलायला मी उभा राहिलो आहे. आपले धर्मानाना गेले. सांभाळून घ्या.

राधाअक्का, तुमचे धनी गेले, आणि काल तुम्ही मला एकच विचारलंत. "भाऊ, बंदूकनी नळी लांब ऱ्हाती तर मना धनी वाचता का?" आज सगळ्यांदेखत सांगतो.

नाना रिसाल्यात होते. तिथं घोड्यावरून चालवायची आखूड रायफल हाताळलेली, म्हणून गावी आल्यावर परवाना काढून तसलीच घेतली. आपण किती चिडवलं त्यांना! अर्धीच आणली का नाना, उरलेली पुढच्या बाजारी आणणार का? ते म्हणायचे, "झाडीम्हा चाल, मंग बोल." आणि झाडीत ती खरंच हाताबरोबर वळायची. पण लांबवर? लांबवर तिचा भरवसा नाही. नेम जरा हलला की गोळी भलतीकडे. धक्का असा, की खांदा काळानिळा. आवाजानं नानांचा उजवा कान गेला. हे सगळं नाना जाणून होते. म्हणून लांबच्या जनावरावर ते कधी बार टाकत नसत. कधीच नाही.

त्या दिवशी टाकला. मी बरोबरच होतो. नाल्यापलीकडे बिबट्या एका गुराखिणीवर चालून गेला. जवळ जायला वेळ होता का? नव्हता. बाई वाचली. पण गोळी बिबट्याच्या पुठ्ठ्यात बसली आणि तो करवंदीच्या जाळीत शिरला.

आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. ज्यानं रक्त काढलं, त्यानंच आत जायचं. मी म्हटलं, नाना, माणसं घेऊन येऊ. म्हणाले, "जखमी सोडा तर तो कोनले तरी खाई. तू आठेच थांब." बाहेरच थांबून त्यांना एकट्याला कसं सोडायचं? मी मागोमाग गेलो. आत माझी काठीसुद्धा फिरेना. बिबट्या माझ्यावर आला आणि नाना मध्ये आले. तेवढ्याशा जागेत ती नळी वळली. बार झाला. जनावर पडलं, पण नानांना पंजा आधीच लागला होता.

अक्का, आता तुमचं उत्तर. होय. नळी लांब असती, तर बिबट्या बहुतेक पहिल्याच बाराला पडला असता. नाना घरी आले असते. आणि जाळीत लांब नळी असती, तर मी आज इथं उभा नसतो. दोन्ही खरं आहे. त्या रायफलीला शिव्या देऊ की हात जोडू? मला कळत नाही, अक्का. रडू येतं, एवढंच कळतं.

पण आज सकाळी ती गुराखीण गुरं घेऊन त्याच नाल्यात गेली. एकटी गेली. मी पाहिली.

उठा मंडळी. हात जोडा.

नाना, आमचा सगळ्यांचा रामराम घ्या.