वधूपिता आणि एकशे बत्तीस डबे

...आणि वर लोक मलाच विचारतात, ‘शिकागोच्या पुढेही विमानानंच का नाही गेलात?’ अहो, बर्नमध्ये अडतीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं केलेला माणूस मी, हा उर्स त्स्बिंडेन खाली रूळ असताना पोटच्या पोरीच्या लग्नाला विमानानं जाईल? तुम्हाला सांगतो, शिकागोहून निघालेली गाडी सकाळी सव्वाआठला पोरीच्या गावी, ला हुंटाला पोचणार, लग्न अकराला, म्हणजे हातात पावणेतीन तास! पावणेतीन तासांत आपल्याकडे माणूस अख्खा देश ओलांडून पलीकडे कॉफी ढोसतो! फोनवर पोरीला, रेगुलाला, तसं म्हटलंही. ती नुसतं ‘बरं बाबा’ म्हणाली.

तर सकाळी गाडीतच काळा सूट चढवला, टाय बांधला, कोटाला फूल लावलं आणि आठला पाच कमी असताना बॅग घेऊन दारात उभा. आपण राहतोच ना उभे, दीड मिनिट तर थांबते गाडी! आणि थांबली की हो... गव्हाच्या शेतात! फलाट नाही, पाटी नाही, नुसता गहू. तेवढ्यात कंडक्टरबाई डार्लीन भोंग्यातून लाडात येऊन म्हणते, ‘मंडळी, मालगाडीला पुढे जाऊ द्यायचंय हं!’

मालगाडीला? माणसं थांबणार आणि माल जाणार? गेला! एकशे बत्तीस डबे, मी मोजले. टीव्ही, फ्रीज, सोयाबीन, सगळ्यांना घाई, वधूपित्याला तेवढी नाही! मग हललो, पंधरा मिनिटं चाललो, पुन्हा गहू. ‘मंडळी, मालगाडीला पुढे जाऊ द्यायचंय!’ मी दारातून हललो नाही. हलायचं कसं, गाडी पोचली तर? मग काळा सूट बघून लोक मलाच धरायला लागले. ‘ओ साहेब, संडासात पाणी नाही!’ ‘अहो, मी प्रवासी आहे!’ ‘ते असू दे, पाणी कधी येणार?’

विल्मा नावाच्या आजीबाई स्वेटर विणत होत्या. त्यांना म्हटलं, ‘आजी, दोन तास उशीर झालाय!’ त्यांनी सुई थांबवली, घड्याळ बघितलं. ‘दोनच? अगंबाई, आज लवकर पोचतोय की!’

अकरा वाजले. गहू. मला रडू आलं हो, लपवत नाही. तिकडे पोर एकटीच चालत गेली असेल, हात धरायला बाप नाही. आणि भोंगा काय म्हणतोय? ‘मंडळी, मालगाडीला...’

चारला वीस कमी असताना उतरलो. समोर रेगुला, जीन्स घालून! म्हटलं, ‘पोरी, चुकलं गं माझं...’ तर ती हसतेय.

‘बाबा, लग्न उद्या आहे. गाडीनं येणाऱ्यांना इथे एक दिवस अलीकडचीच तारीख सांगतात.’

म्हणजे माझ्या पोरीनं मला, मला हो, खोटं वेळापत्रक दिलं! चांगला फैलावर घेणार होतो तिला, पण बघतो तर हिचं लक्ष अजून रुळांवरच.

‘आता कुणाची वाट बघतेस?’

‘सासूबाईंची. लॉस एंजेलिसहून येतायत. त्यांना तर कालचीच तारीख दिली होती.’