दोन किलो जास्त

ठेवा मावशी, बिनधास्त ठेवा — काटा काही चावत नाही. पंचवीस? मग तोंड कशाला एवढंसं करताय? आत तेवीस चालतात, ठाऊक आहे मला. बसा जरा स्टुलावर — थांबा, ती शाल उचलू द्या आधी. हं, बसा. मुलाकडे चाललाय ना? बॅगेवर नातवाचं नाव एवढं मोठं लिहिलंय की वैमानिकालासुद्धा पाठ होईल.

हे सगळं नवंकोरं आहे बरं का. दोन वर्षांमागे इथं पत्र्याची शेड होती अन् बाहेर एक कठडा — माणूस शिडी चढून विमानात दिसेनासा होईपर्यंत लोक कठड्याला टेकून हात हलवायचे. मग विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला. आपोआप उघडणारी दारं आली, सरकता जिना आला — त्याच्यापुढे लोक एक पाय उचलून उभे राहतात, तुम्हीही राहाल. परदेशी जाणाऱ्यांना वेगळं दालन, खुर्च्या तीनशे, अन् विमान आठवड्यातून दोनदा. थाट असा, की जणू रोज पन्नास उडतात. निरोपाला जागा ठेवायची तेवढी राहून गेली — बाहेरून हात हलवावा, तर काचेत आपलाच हात हलताना दिसतो.

अहो, चेन कशाला उघडताय? काही काढू नका. इकडे या, हळूच सांगते — काटा दोन किलो जास्त दाखवतो. बिघडलेला नाही, मीच तसा लावलाय. पहिल्याच महिन्यात एका म्हाताऱ्या मास्तरांना आत रांगेसमोर बॅग उघडावी लागली, चड्ड्या-बनियन सगळं फरशीवर — तेव्हापासून. माझ्याकडून गेलेला माणूस आत अडकत नाही. हे कुणालाच सांगितलं नव्हतं हो, घरातसुद्धा नाही. तिथंच चुकलं.

लेक आत गेली माझी, आत्ता तासाभरापूर्वी. तुमच्याच विमानानं जायचंय तिला — दोन वर्षं शिकायला, बर्फाच्या गावात. मी एका गिऱ्हाइकाच्या बॅगेला प्लास्टिक गुंडाळत होते, तिनं आपली बॅग आपणच काट्यावर ठेवली. चोवीस. झालं — शाल काढली, स्टुलावर ठेवली, मला मिठी मारली अन् गेली. शिस्तीची पोरगी, जास्तीचं काढायचं हे माझ्याच तोंडून ऐकलेलं. फोन करून रागावले तर म्हणते, आई, तूच म्हणतेस ना, आपला काटा खोटं बोलत नाही. मी फोनच ठेवून दिला. अन् आता पासपोर्टवर शिक्का बसला, बाहेर येता येत नाही तिला. सहा महिने विणली हो ती शाल, याच स्टुलावर बसून.

रडत नाहीये, एसी आहे इथला. तुम्ही मात्र सुती कपड्यांत निघालात — विमानात काकडाल. ही घ्या, पांघरा. दुसऱ्याचं सामान नेऊ नका, ही पाटी मीच सगळ्यांना वाचून दाखवते, पण अंगावरच्याला कुणी सामान म्हणत नाही. आत विमानाकडे जायचं दार एकच आहे, तिथं निळ्या जाकिटातली एक मुलगी फुरंगटून बसली असेल. काही बोलू नका, नुसत्या समोर बसा. शेवटी लोकर संपली म्हणून एक टोक हिरवं झालंय — ओळखेल ती. अन् विचारलंच, तर सांगा, आईचा काटा खोटं बोलतो.

पैसे राहू द्या. निघा आता — मागं बॅग घेऊन माणूस उभा आहे.