ढिगावरच्या तीन चिरा

दुकानदार : कापली जाणार नाही अशी ताडपत्री? ताई, तशी अजून कुणी विणली नाही. चाकूपुढे कुठल्या कापडाची मिजास चालते?

वखारवाली : मग त्यातल्या त्यात चिवट दाखवा. जाड. दर वर्षी नवी घेत बसायला मला वेळ नाही.

दुकानदार : दाखवतो की. पण झाकायचं काय? खडी, वाळू, मीठ, कोळसा? सगळ्या ढिगांना एकच ताडपत्री चालली असती तर माझं दुकान एका कपाटात मावलं असतं.

वखारवाली : लाकडाचा भुसा. आमची वखार आहे. करवतीच्या गिरण्यांमधून ट्रक येतात, भुसा उघड्यावर साठतो, तिथून बॉयलरवाले आणि पोल्ट्रीवाले नेतात. ढीग म्हणजे दोन पुरुष उंच, आणि लांबीला तुमच्या दुकानाच्या तिप्पट.

दुकानदार : आणि हे बोचकं?

वखारवाली : जुनी ताडपत्री. मापासाठी आणली.

दुकानदार : माप राहू द्या, आधी पसरा बघू. नवी निवडायची तर जुनी कशाने मेली ते बघावं. माझे वडील म्हणायचे, फाटक्या कापडाइतकं खरं बोलणारं गिऱ्हाईक नाही. हं... त्या बाजूने धरा. ही निळी, हलकी. किती टिकली?

वखारवाली : वर्षभरसुद्धा नाही.

दुकानदार : बघा, ढिगाच्या कण्यावरचा हा पट्टा. नखाने खरवडा.

वखारवाली : अगं बाई! पापडासारखा भुगा होतोय.

दुकानदार : उन्हाने खाल्ली. पावसाच्या नावाने सगळे बोटं मोडतात, पण प्लास्टिकचा खरा वैरी ऊन. उन्हाला दाद न देणारा लेप असतो, तो हिच्यावर नाहीच. आता हा कोपरा. रिंग कुठे गेली?

वखारवाली : वाऱ्याने उपटली.

दुकानदार : वारा ताडपत्री फाडत नाही, ताई. फडफड फाडते. तुम्ही चार कोपरे करकचून आवळले आणि मधे मोकळं सोडलं. तिथे वारा शिरला, दिवसभर आपटत राहिला, आणि सगळा मार एकेका रिंगेवर आला. हात-हातभर अंतरावर रिंगा हव्यात, काठात दोर शिवलेला हवा, आणि वरून जाळं टाकून दाबायचं.

वखारवाली : हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुकानदार : विचारलं होतंत कुणाला?

वखारवाली : ... नाही. पण ही ऊन-वाऱ्याने गेली नाही. हे इथे बघा. ही चीर, ही दुसरी, ही तिसरी. चाकूने कापलीये. दोन महिन्यांपूर्वी यातूनच पाणी आत गेलं आणि अर्धा ढीग लगदा झाला. म्हणून म्हटलं, कापली न जाणारी द्या.

दुकानदार : थांबा, थांबा. चष्मा घेतो. कापली कुणी?

वखारवाली : होता आमचाच माणूस. ते सोडा.

दुकानदार : कसं सोडू? तिन्ही चिरा एका उंचीवर आहेत. कण्याच्या जरा खाली. दोन चिरांमधलं अंतर... चार हात. इकडेही चार हात. राग काढणारा माणूस मापं घेत नाही हो.

वखारवाली : म्हणजे?

दुकानदार : टोकाला बोट लावा. काय लागतं?

वखारवाली : भोक आहे. गोल.

दुकानदार : दोन्ही टोकांना आहे. चीर पुढे पळू नये म्हणून तापल्या खिळ्याने पाडलंय, कडा वितळून घट्ट बसलीये. आम्ही शिवणारे लोक हे करतो. आणि ही वरची रांग बघा, अर्धगोल. ही सुईची भोकं. चिरेवर झडप शिवलेली होती. खिडकीवर छज्जा असतो ना, तशी. पाणी वरून ओघळून जावं, आत जाऊ नये.

वखारवाली : झडप? पण मला तर... थांबा. गोणपाटाचे तुकडे. मेण लावलेले, चिकट. वादळानंतर आवारात पडले होते तीन. मीच कचऱ्यात टाकले.

दुकानदार : सुतळीने शिवल्या असणार. सुतळी तुटली. नायलॉनचा दोरा वापरला असता तर आज तुम्ही इथे आला नसतात. बरं, एक सांगा. झाकला तेव्हा भुसा कोरडा होता?

वखारवाली : ओला होता. पाऊस सुरू झालेला, ट्रक भिजतच आले. मी म्हटलं, झाका आणि घट्ट बांधा, वाऱ्यालासुद्धा फट ठेवू नका.

दुकानदार : अरे देवा.

वखारवाली : का? काय चुकलं?

दुकानदार : ओला भुसा आत कुजतो, आणि कुजताना तापतो. खताचा ढीग थंडीत सकाळी वाफाळताना बघितलाय? तेच. त्याचं तोंड प्लास्टिकने बांधलंत तर वाफ जाणार कुठे? वर जाऊन कापडाला लागते, पाणी होऊन परत खाली टपकते, भुसा आणखी कुजतो, आणखी तापतो. मोठ्या ढिगात कधीकधी आतल्या आत धुमसायला लागतं. तुमचा पेटलाच असता असं मी म्हणणार नाही, मी काही पाहिलेला नाही. पण ज्याने या चिरा पाडल्या, त्याने पाहिला होता.

वखारवाली : तो म्हणाला होता.

दुकानदार : काय?

वखारवाली : फोन केला होता त्याने. ‘ढीग कोंडलाय, त्याला श्वास घेऊ दे.’ मी बँकेत रांगेत उभी होते. म्हटलं, मामा, ढिगाला नाकपुड्या असतात का? हसले आणि फोन ठेवला.

दुकानदार : मामा? सख्खे?

वखारवाली : आईचा सख्खा भाऊ. बावीस वर्षं वखारीचा मुकादम. पाणी शिरलं त्या दिवशी मी सगळ्या हमालांसमोर... जाऊ दे, जे बोलले ते माणसाने कुत्र्यालाही बोलू नये. त्याने कनवटीची किल्ली काढली, वजनकाट्यावर ठेवली आणि चालता झाला.

दुकानदार : आणि दोन महिने?

वखारवाली : मला वाटायचं, चूक त्याची, पहिला फोन त्याने करावा.

दुकानदार : हं. आता ताडपत्री दाखवू का? की आधी...

वखारवाली : दाखवा. नाही, थांबा. ताडपत्री कुठली घ्यायची, ते त्यालाच विचारते.

(ती फोन लावते, आवाज मोठा करून कापडाच्या ठाणावर ठेवते. बराच वेळ घंटी वाजते.)

मामा : हं.

वखारवाली : मामा, मी.

मामा : नाव दिसतं फोनवर.

वखारवाली : ताडपत्रीच्या दुकानात आलेय. तुझ्या चिरा बघितल्या आज. टोकाची भोकं, झडपांच्या शिवणी. सगळं.

मामा : सुतळी कच्ची निघाली. ती माझी चूक.

वखारवाली : मामा, चुकले मी. तू सांगत होतास, मी ऐकलं नाही. वर तोंड टाकलं.

मामा : चारचौघांत टाकलंस.

वखारवाली : ‘चुकले’ हेही चारचौघांतच म्हणेन. उद्या सगळे हमाल कामावर असतील तेव्हा.

मामा : ... दुकानदार आहे का तिथे?

दुकानदार : आहे, मामा. काम बघितलं तुमचं. नमस्कार करतो.

मामा : कॅनव्हास दाखवलंत तिला?

दुकानदार : दाखवणारच होतो. श्वास घेतं ते. पण वजनाला भारी, आणि ओलं राहिलं तर कुजतं.

मामा : नकोच. चौघांना उचलत नाही. जाड प्लास्टिकचीच द्या, उन्हाच्या लेपाची, पांढरी. पण दोन तुकड्यांत. दोन बाजूंनी दोन, आणि कण्यावर वीतभर जागा उघडी.

दुकानदार : आणि त्या उघड्या जागेवर बांबूवर उचललेली तिसरी, टोपीसारखी! वाफ जाईल, पाणी येणार नाही. मामा, हे कुठे शिकलात?

मामा : बावीस वर्षं बघतोय. बघितलं की कळतं.

वखारवाली : मामा, मलाही कळायला हवं. तुला कसं कळलं ढीग कोंडलाय ते? वरून तर सगळे ढीग सारखेच दिसतात.

मामा : वरून काय दिसायचं?

वखारवाली : मग?

मामा : उद्या सातला ये. ट्रक यायच्या आधी.

वखारवाली : येते. काय आणू?

मामा : काही नको. बांगड्या काढून ये. हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो.