एकसष्टाव्या पायरीला संपलेला कठडा

नाव एव्हारिस्तो त्लापाले क्रूझ, वय ५४ वर्षे, धंदा वेल्डिंग, राहणार ला कांतेरा वस्ती, इस्तापालापा, मेक्सिको शहर.

समक्ष हजर होऊन सांगतो की, आमच्या वस्तीच्या जिन्याचा त्र्याण्णव पायऱ्यांचा कठडा, त्यावरचे सात दिवे आणि पायथ्याचं फाटक मी स्वतःच्या हातांनी केलेलं आहे. दिव्यांच्या टोप्या जुन्या वॉशिंग मशीनच्या पत्र्याच्या. काम कोणी शिकवलं नाही, बघून शिकलो. दिवे लागले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून जिन्यावर कोणी लुटलं गेलेलं नाही.

शेजारीण दोन्या ओलाया, वय ७८, यांना दिसत नाही. कठडा करताना त्या म्हणाल्या होत्या, "लोहारा, माझ्या दारापर्यंतच आण. संपला की डावीकडे वळेन, घर आलं समजेन." मी तसाच केला; त्यांचं दार अगदी वर, त्र्याण्णवाव्या पायरीला आहे.

मंगळवारी सकाळी सात वाजता त्या मका दळायला खाली गेल्या. त्यानंतर 'सुरक्षित वाट' योजनेच्या ठेकेदाराची माणसं आली. नवा कठडा बसवायचा म्हणून त्यांनी एकसष्ट ते सहासष्ट पायऱ्यांचा तुकडा कापला आणि नाश्त्याला गेली. दोरी बांधली नाही. वस्तीत कोणाला सांगितलं नाही.

सात चाळीसला, त्या पीठ घेऊन वर येताना, बादली गडगडल्याचा आवाज आला. दोन्या ओलाया डावीकडच्या गटारात, दोन मीटर दहा सेंटिमीटर खाली पडल्या होत्या. मला म्हणाल्या, "दार कुठं नेलंस रे, लोहारा?" आम्ही फाटक बिजागरीतून उचलून काढलं आणि त्यावर निजवून त्यांना खाली नेलं. खुबा मोडला आहे.

कठडा मध्येच संपला तर काय, हे करताना माझ्या मनात आलं नव्हतं. तेही लिहावं.

चार वाजता ठेकेदाराचे इंजिनिअर बारागान दुकानात आले. म्हणाले, "मिस्त्री, तुमचा जोड सुटला एवढंच म्हणा. जुनं काम, कोण दोष देतंय?" जोड सुटला तर लोखंड फाटतं. इथं ग्राइंडरने कापल्याची सरळ कड आहे. दोन्ही टोकं जमा करत आहे.

जबाब मला वाचून दाखवला. 'कठडा निखळल्याने' असं लिहिलं होतं, ते 'कापल्याने' करून घेतलं. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सहीआधी एक राहिलं. 'जोड सुटला' म्हणण्याबद्दल इंजिनिअरनी साठ हजार पेसो आणि पुढच्या चार जिन्यांच्या कठड्यांचं काम देऊ केलं होतं. मी नाही म्हणालो.